पुतण्याला आधी कुठे पाठवायचं?

माझा पुतण्या चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून गावाकडे येतो आहे. वय सत्तावीस, भविष्य निर्वाह निधीचे साडेतीन लाख हातात, आणि मनात शेळीपालन. मागच्या आठवड्यात त्यानं मोबाइलवर मला प्रकल्प अहवाल पाठवला. शंभर शेळ्या, पाच बोकड, राष्ट्रीय पशुधन अभियानाचं निम्मं अनुदान, उरलेल्याला बँक. बारा पानं. शेवटी एकच ओळ त्याच्या स्वतःच्या शब्दांत होती: "काकू, आधी कुठे शिकायला जाऊ?"

त्या बारा पानांपेक्षा मला ती ओळ मोलाची वाटली. मी २०१४ साली शेळ्या आणल्या तेव्हा हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.

माझं उत्तर ठरलेलं होतं. आमच्याच वस्तीवर माझ्या यजमानांच्या आत्या राहतात. वय सत्तरीला टेकलेलं, पन्नासेक वर्षं शेळ्या राखतात. त्यांच्याकडे एक वेत काढ, असं सांगणार होते. पण सांगण्याआधी दहिवडीला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे आमच्या माण-खटाव भागात पशुसंवर्धन खात्यात उभी नोकरी करून निवृत्त झालेले पशुवैद्य. माझ्या गोठ्यातली सगळ्यात वाईट रात्र त्यांनी पाहिली आहे. त्यांच्या ओट्यावर बसून मी विषय काढला, आणि त्यांनी पहिल्याच वाक्याला मान हलवली.

"ताई, आत्याबाईंबद्दल मला आदर आहे, तरी स्पष्ट बोलतो. पोराला पहिल्यांदा तिकडे पाठवू नका. पन्नास वर्षांच्या अनुभवात पन्नास वर्षांच्या चुकाही मुरलेल्या असतात. जाणत्या माणसाला त्यातलं घ्यायचं काय आणि टाकायचं काय ते कळतं. नवखा सगळंच उचलतो."

"मग कुठे पाठवू?"

"आधी शास्त्र. शेळीचं पोट कसं चालतं, रोग कसा पसरतो, लस कुठली, कधी, कशासाठी. कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. फलटणला निंबकरांची संस्था आहे, १९६८ पासून काम करते आहे. कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथे पाया पक्का होऊ द्या, मग जाऊ दे आत्याबाईंकडे."

"प्रशिक्षण मीही घेतलं होतं, डॉक्टर. तीन दिवसांचं. वही भरून टिपणं काढली होती. त्या वहीनं माझी एक शेळी वाचवली नाही."

"ते प्रशिक्षण नव्हतं, ते दुकान होतं," डॉक्टर म्हणाले. "शिकवणाराच शेळ्या विकत होता. त्याला शास्त्राच्या खात्यावर मांडू नका."

खरं आहे ते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आम्हाला गोठा दाखवला, संध्याकाळी दरपत्रक दिलं. त्याच्याच सांगण्यावरून मी जमिनीपासून चार फूट उंच, लाकडी फळ्यांचा माचाणाचा गोठा बांधला. जिथे चार महिने जमीन ओली राहते त्या कोकणात किंवा केरळात असा गोठा कामाचा. आमच्या माणदेशात, जिथे पाऊसच आला तर आला, तिथे शेणामातीची कोरडी जमीन आणि वर पत्रा एवढं पुरतं. त्या फळ्यांत माझं निम्मं भांडवल गेलं. उरलेल्यात पंधरा दिवसांच्या आत तीन वेगवेगळ्या बाजारांतून चाळीस शेळ्या आणल्या.

टेम्पोतून शेळ्या उतरवत होतो तेव्हा आत्याबाई बांधावर उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आगं, ही कान पाडून का उभी हाय? त्या दोघींचा शेंबूड बघ. ह्यांना लांब बांध." मी हसून मान डोलावली आणि सगळ्या शेळ्या एकाच गव्हाणीला बांधल्या. पाचव्या दिवशी ताप, नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात फोड, मग हगवण. पीपीआर. डॉक्टर रात्री साडेदहाला आले. पुढच्या तीन आठवड्यांत चाळीसातल्या सत्तावीस गेल्या. गाभण होत्या त्यांतल्या काही आधी गाभडल्या आणि मग गेल्या.

हे मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. ज्या बाईनं ते आधी पाहिलं होतं, तिचं मी ऐकलं नव्हतं.

"आता सांगा डॉक्टर, त्या दिवशी शास्त्र माझ्या वहीत होतं आणि नजर बांधावर उभी होती. मला काय उपयोगी पडलं असतं?"

डॉक्टर लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आत्याबाई 'लांब बांध' म्हणाल्या. किती दिवस, हे म्हणाल्या का?"

"नाही."

"आणि ज्यांना शेंबूड नव्हता त्यांचं काय? हा रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत चार-सहा दिवस जातात. तुमच्या उरलेल्या सदतीस शेळ्यांत दिसायला ठणठणीत, पण आतून धरलेल्या अशा किती होत्या, हे आत्याबाईंच्याही नजरेला दिसलं नसतं, माझ्याही नाही. म्हणून बाहेरून आणलेलं प्रत्येक जनावर, कितीही धडधाकट दिसो, तीन आठवडे वेगळं. तीन बाजारांतलं एकत्र करायचं नाही. हा नियम डोळ्यानं सापडत नाही ताई. पीपीआर आपल्या देशात पहिल्यांदा नोंदला गेला १९८७ साली, तामिळनाडूत. आत्याबाई शेळ्या राखायला लागल्या तेव्हा इथे कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. जुन्या माणसाला जुने रोग कळतात."

हा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. अनुभव म्हणजे काहीतरी कायमचं असतं असं आपण धरून चालतो. पण बाजार बदलतो, रोग बदलतो, टेम्पोनं एका रात्रीत राजस्थानची शेळी साताऱ्यात येते. आत्याबाईंच्या तरुणपणी शेळी फार तर शेजारच्या गावाहून चालत यायची.

तरीही मी हटले नाही. त्यांना पापणीचं सांगितलं.

आत्याबाईंकडे वीस-बावीस शेळ्या असतात. पाऊस पडून हिरवं उगवलं की दर आठ-दहा दिवसांनी त्या एकेक शेळी दोन गुडघ्यांत धरतात, अंगठ्यानं वरची पापणी हलकेच दाबतात आणि दुसऱ्या अंगठ्यानं खालची ओढतात. आतली कातडी क्षणभर बाहेर येते. ती उन्हाकडे धरून बघतात. लालभडक असली की सोडून देतात. फिकी गुलाबी असली की "हिच्यावर नजर ठेव". पांढरट, धुतलेल्या फडक्यासारखी दिसली की ती शेळी बाजूला, आणि तिला त्याच दिवशी औषध. बाकीच्यांना नाही. मला आठवतं, मी एकदा म्हटलं, सगळ्यांनाच पाजू की, एकदाच काम होईल. तर म्हणाल्या, "जिला दुखत न्हाई तिला कशाला? दर खेपंला सगळ्यास्नी पाजलं की औषध कामाचं राहत न्हाई. बघितलंय मी."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "हे त्यांना कुणी शिकवलं?"

"त्यांच्या सासूनं पापणी बघायला शिकवलं. औषधाचं त्यांचं त्यांनी ताडलं."

"ताई, पोटातला रक्त पिणारा जंत असतो ना, हिमॉन्कस, त्याच्यासाठी हीच पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी १९९० च्या दशकात बसवली. पापणीच्या आतल्या रंगाच्या पाच पायऱ्यांचा तक्ता केला, फामाचा म्हणतात त्याला. लाल ते पांढरा. ज्यांची पापणी फिकी तेवढ्यांनाच औषध, म्हणजे जंतांना औषध पचवायची सवय लागत नाही. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी एका शिबिरात शिकलो. आणि आत्याबाई..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

पण डॉक्टर ते डॉक्टरच. दोन मिनिटांत परत आले. "तरी सांगतो, पांढरी पापणी म्हणजे जंतच असं नाही. गोचीड रक्त पितात, उवा पितात, यकृतातला चपटा कृमी असतो. आत्याबाई औषध कुठलं देतात?"

"दुकानदार देईल ते."

"तिथेच अडतं. दुखणं ओळखलं अचूक, आणि औषध दुकानदाराच्या हातात. पोराला दोन्ही यायला पाहिजे."

चहा आला. डॉक्टरांच्या पत्नीनं सोबत ज्वारीच्या लाह्या ठेवल्या. डॉक्टरांनी बशीत चहा ओतला आणि आता त्यांच्या मनातलं खरं दुखणं बाहेर आलं.

"चिकाचं विचारा मला. तीस वर्षं मी या तालुक्यात घसा कोरडा केला. शेळी व्यायली की जाणती माणसं काय करतात? वार पडेपर्यंत करडाला कासेला लावत नाहीत. का? तर म्हणे वार अडकते. वार पडायला कधी तास लागतो, कधी चार. पौषातली रात्र, अंगावर ओलं, दोन-सव्वादोन किलोचा जीव, पोटात काही नाही. सकाळी गारठलेलं सापडतं. मग म्हणतात, नशीब. शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही, ती सगळी चिकातून येते, आणि पोटाची ती ताकद ओढून घ्यायची दारं काही तासांतच मिटायला लागतात. पहिल्या तासात चीक पोटात गेलाच पाहिजे. वासरू, करडू, कोकरू, सगळ्यांना हेच. आणि या विषयावर मला सगळ्यात जास्त विरोध कुणी केला? अनुभवी माणसांनी. नवखं जोडपं असलं की लगेच ऐकायचं. म्हणून म्हणतो, पाटी कोरी असताना शास्त्र लिहू द्या."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आत्याबाईही तेच करायच्या. मी त्यांच्याशी याच गोष्टीवरून एकदा भांडलेही होते. पण त्यांचं ते कसं सुटलं ते डॉक्टरांना माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं.

त्यांची नात म्हसवडला बाळंत झाली. आत्याबाई दवाखान्यात सोबत होत्या. बाळ अर्ध्या तासात आईजवळ दिलं, आणि आशाताईंनी बजावलं की पहिलं पिवळं दूध फेकायचं नाही, ते बाळाला द्यायचं. आत्याबाईंच्या काळी तेही पिळून टाकायचे. त्या चार दिवस गप्प होत्या. घरी आल्यावर पंधरवड्यात शेळी व्यायली. मी गेले तर करडू ओलंच कासेला लागलेलं, वार अजून लोंबत होती. मी बघत राहिले. त्या म्हणाल्या, "माणसाच्या लेकराला दे म्हणत्यात, मग करडानं काय घोडं मारलंय?"

डॉक्टर मोठ्यानं हसले, मग डोळे पुसले. "तीस वर्षं मी सांगितलं ते ऐकलं नाही. नातीच्या बाळंतपणानं ऐकलं."

"डॉक्टर, तुम्ही सांगत होतात. तिनं पाहिलं. त्या बाईला कधीही नवीन गोष्ट सांगून पटलेली नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेली गोष्ट तिनं कधी नाकारलेली नाही. माझ्या पुतण्यानं तिच्याकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं. चिकाचं, वारेचं, औषधाचं तो तुमच्याकडून घेईल."

"म्हणजे कृती माझी आणि नजर तिची?"

"इतकं सरळ ते वाटता येत नाही. पापणीची कृतीही तिचीच होती."

मग बोकडावरून वाद झाला. हा विषय मी लांबवणार नाही, पण धंद्याच्या दृष्टीनं तो पैशाचा आहे. डॉक्टरांचं म्हणणं असं: आपल्या भागात सगळ्यात वाढीचा, उंचापुरा, देखणा बोकड बकरी ईदला विकला जातो, कारण त्याला दर येतो. मागे राहतो तो किरकोळ. तोच कळपात फिरतो आणि स्वतःच्या बहिणींना, मग लेकींना फळवतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण आपल्याच हातानं चांगलं बाहेर काढतो आणि हलकं वाढवतो. उस्मानाबादी ही जुळी देणारी, काटक जात. ती कुठे कुठे इतकी खुरटली त्याचं हे कारण. "आणि हे करणारी माणसं अनुभवी आहेत," ते म्हणाले.

"त्यांना कळत नाही असं तुम्हाला वाटतं?"

"कळत असतं तर केलं नसतं."

"आत्याबाईंनी मागच्या ईदला जो बोकड विकला त्याच्या पाठीवर हात ठेवून त्या रडल्या होत्या. ह्याची बी गोठ्यात राहायला पाहिजे होती, म्हणाल्या. पण नातीची कॉलेजची फी भरायची होती. कळत नाही आणि परवडत नाही यात फरक आहे, डॉक्टर. तुमच्या पिढीच्या साहेबांनी या दोन गोष्टी फार वेळा एक केल्या."

हे मी जरा जोरात बोलले. पण ते बोलायलाच हवं होतं. जुन्या शेतकऱ्याची चूक दिसली की आपण तिला अडाणीपणा म्हणतो. तिच्यातल्या कितीतरी गोष्टी मुळात हातात पैसा नसल्याच्या खुणा असतात. माझ्या पुतण्याच्या खिशात साडेतीन लाख आहेत. त्यानं चांगला बोकड विकायचं काही कारण नाही. तेव्हा आत्याबाईंनी काय केलं एवढंच पाहून भागणार नाही. हात मोकळा असता तर काय केलं असतं, हे त्यांना बसवून विचारायला हवं.

डॉक्टरांनी ते मान्य केलं, आणि एक चांगली वाट दाखवली. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं गावातल्या बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं शिक्षण दिलं आहे. त्या घरोघर जाऊन शेळी भरतात. म्हणजे जातिवंत बोकड पाळायचा खर्च नसताना त्याचा वंश गोठ्यात येऊ शकतो, आणि आत्याबाई ईदला बोकड विकूनही पुढची पिढी सुधारू शकतात. "हे त्यांना पुतण्या सांगू दे," ते म्हणाले. "शिकायला गेलेल्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये."

त्यानंतर मी प्रकल्प अहवाल पुढे केला. डॉक्टरांनी चष्मा लावून उत्पन्नाचं पान काढलं. वर्षाला दीड वेत, वेताला दोन करडं, म्हणजे शेळीमागे तीन. शंभर शेळ्यांची तीनशे. मी माझी मागच्या वर्षाची वही सोबत नेली होती. बत्तीस शेळ्या, एक्कावन्न करडं, त्यांतली सात गेली. राहिली चव्वेचाळीस. म्हणजे शेळीमागे दीडच्याही खाली. पहिलटकरणी एकच देतात, काही शेळ्या माज दाखवूनही भरत नाहीत, एक-दोन गाभडतात. अकरा वर्षं मोडून, शिकून, माझा आकडा हा आहे.

"ही वही त्याला दाखवलीत?"

"पाठवली. तो म्हणाला, काकू, तुमचं व्यवस्थापन पारंपरिक आहे."

डॉक्टर काही बोलले नाहीत. मी आत्याबाईंचं वाक्य सांगितलं. मी दुसऱ्यांदा शेळ्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांना विचारलं होतं, किती घेऊ? त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाल्या, "आखितीला जेवढ्या पोसतील तेवढ्याच दिवाळीला ठिवायच्या." दिवाळीला माणदेशातसुद्धा बांध हिरवे असतात, तेव्हा शंभरही पोसतील असं वाटतं. अक्षय तृतीयेला रान भाजून निघालेलं असतं. एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळात आत्याबाई नव्या नवरी होत्या. घरची सगळी जनावरं कवडीमोलानं गेली, दोन शेळ्या राहिल्या, त्या बाभळीच्या शेंगांवर जगल्या. हे वाक्य त्या दोन शेळ्यांपासून आलेलं आहे.

डॉक्टरांनी अहवालाच्या पाठीमागे पेन्सिलीनं मांडायला घेतलं. मोठ्या शेळीला रोजचा तीन-चार किलो हिरवा चारा, वर सुकं. शंभर शेळ्या म्हणजे रोज साडेतीन क्विंटल हिरवं. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दीडशे दिवस धरले तर पाचशे क्विंटलच्या वर. पुतण्याची जमीन दोन एकर, विहिरीला पाणी मार्चपर्यंत. त्यांनी आकड्याखाली रेघ ओढली.

"ही सव्वापाचशे क्विंटल बारा पानांत कुठे आहेत?"

"नाहीत. त्यात 'चारा उपलब्ध' एवढंच लिहिलंय."

"आत्याबाईंच्या एका वाक्यात होती," ते सावकाश म्हणाले. मग पुन्हा त्यांचा स्वभाव वर आला. "पण याच वाक्यानं त्या पन्नास वर्षं वीस शेळ्यांवर राहिल्या, हेही बघा. मुरघास करता येतो. शेवरी, सुबाभूळ, हादगा बांधाला लावून तीन वर्षांत आखितीचं चित्र बदलता येतं. कडबा सुगीत स्वस्त असतो तेव्हा घेऊन ठेवता येतो. त्यांचा नियम खरा आहे, पण तो जगून राहण्याचा नियम आहे. तुमच्या पोराला धंदा करायचाय."

"आधी जगून राहू दे, डॉक्टर. सत्तावीस गेल्यावर मला धंदा सुचत नव्हता."

इथे दोघंही थांबलो. बाहेर शाळा सुटली होती.

डॉक्टरांनी मग वेगळंच काढलं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार त्यांनी तरुणपणी ऐकला होता. सांगली-तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना दाभोळकरांनी लावलेली सवय अशी की जो ज्यात जाणता त्यानं ते इतरांना सांगायचं, आणि प्रत्येकानं आपल्या रानात करून बघून परत कळवायचं. तिथे कायमचा गुरू कुणी नाही. त्याच तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना आपल्या थॉम्पसनच्या बागेत एक वेल वेगळी दिसली, त्यांनी ती जपून वाढवली, आणि तास-ए-गणेश ही जात आली. "नजर शेतकऱ्याचीच होती," डॉक्टर म्हणाले. "पण त्यानं ती जपली, नोंदली, दुसऱ्याला दिली, म्हणून ती महाराष्ट्रभर गेली. आत्याबाईंची पापणी वस्तीच्या बाहेर गेली नाही. दोष त्यांचा नाही. आम्ही लसीच्या पेट्या घेऊन त्यांच्या दारात शेकडो वेळा गेलो, बाई, तुम्ही शेळीच्या डोळ्यात काय बघता, हे एकदाही विचारलं नाही."

मी गप्प बसले. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं असं कबूल करणं सोपं नसतं.

"एक सांगा," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तुम्ही त्याला पाच महिने आत्याबाईंकडे पाठवणार. त्यांना काय देणार?"

मी गडबडले. खरं म्हणजे मी याचा विचारच केला नव्हता. घरातलंच माणूस, काय द्यायचं?

"मला शिकवणाऱ्या प्रत्येक पदवीवाल्याला सरकारनं पगार दिला. तुम्हाला बुडवणाऱ्या त्या प्रशिक्षकानं तीन दिवसांची फी घेतली. आणि ज्या बाईकडे खरी विद्या आहे तिच्याकडून मात्र फुकट, वर तिच्याच हातचा चहा पिऊन. हे बरोबर नाही, ताई."

मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. एका वेताचे पाच महिने पुतण्या आत्याबाईंकडे राहील. सकाळची चराई त्याच्याकडे, त्यांचे गुडघे आता चढाला साथ देत नाहीत. त्यांच्या सगळ्या शेळ्यांच्या लसी तो करून घेईल, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी, पीपीआरची त्याच्या वेळेला, पैसे त्याचे. दर पंधरवड्याला एक दिवस तो डॉक्टरांच्या ओट्यावर येईल आणि पाहिलेलं सांगेल. काय कशामुळे, ते डॉक्टर सांगतील. पाच महिने झाल्यावर तो पाच शेळ्या घेईल. शंभर नाही. त्यातली पहिली पाट आत्याबाईंच्या पसंतीची, तिला बाजारातला पुरा दर देऊन, त्यांच्याच गोठ्यातून. आणि विचारायचं असेल तेव्हा 'किती करडं होतात' हे विचारायचं नाही. विचारायचं, कुठल्या वर्षी किती गेली आणि कशानं. जाणती माणसं आपलं यश कुणालाही सांगतात. मेलेल्यांचं ती फक्त घरच्याला सांगतात.

निघताना डॉक्टरांनी आतून स्प्रिंगचा काटा आणून दिला, करडं टांगून तोलायचा. खाली कापडी झोळी. "दर रविवारी प्रत्येक करडाचं वजन. वहीत तारीख, आईचा खूण-क्रमांक, वजन. हे चुकवायचं नाही."

"आत्याबाई तोलू देणार नाहीत," मी म्हटलं. "जनावर तोललं, मोजलं की नजर लागते म्हणतात. त्या कधी कळप मोजत नाहीत. संध्याकाळी नुसतं बघून कोण राहिली ते सांगतात."

मला वाटलं, डॉक्टर चिडतील. ते काटा हातात घेऊन उभे राहिले.

"त्या करडू उचलून अंदाज सांगतात का?"

"अर्ध्या किलोत चुकत नाहीत."

"मग त्याला सांगा, काटा पोत्यात ठेव. आधी त्यांच्या हातात करडू दे, त्या सांगतील ते लिही. तुझ्या हातात घे, तुला वाटेल ते लिही. काटा तुझी स्वतःची करडं येतील तेव्हा काढ."

मी काटा पोत्यात गुंडाळून पिशवीत घातला. पुतण्या येत्या अमावास्येनंतर येतो आहे. आत्याबाईंना कालच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "चपला घालून येणार का बूट? बुटाच्या आवाजाला माझ्या शेळ्या बुजत्यात."